डब्यावर जे छापलं नव्हतं

इंद्रलोकमधल्या आमच्या सोसायटीचा मी गेली सहा वर्षं सेक्रेटरी आहे, आणि या सहा वर्षांत मी लावलेली एकही नोटीस हरिश्चंद्र शिगवणांच्या हातून धड सुटलेली नाही. नोटीस चिकटवून मी लिफ्टपर्यंत पोचायच्या आत हा माणूस खिशातलं लाल बॉलपेन बाहेर काढायचा. ‘मंगळवार, दि. १४ रोजी पाणी येणार नाही’ असं मी लिहिलं की खाली बारीक, सुबक अक्षरांत उमटायचं: ‘१४ तारखेला बुधवार आहे. बादल्या कधी भरायच्या?’ हळूहळू लोक माझी नोटीस वाचेनासे झाले. खालची लाल ओळ तेवढी वाचायचे.

शिगवणकाका मूळचे संगमेश्वरकडचे. नवघर रोडच्या मागे औद्योगिक गाळे आहेत, त्यातल्या एकात औषधांची खोकी छापणारा प्रेस होता. तिथं त्यांनी एकतीस वर्षं प्रूफं वाचली. खोकल्याची बाटली, मलम, डोळ्यांचे थेंब, जुलाबाच्या गोळ्या. खोक्याच्या कडेला मुंगीच्या पायाएवढी अक्षरं असतात ना, जी तुम्ही-आम्ही जन्मात वाचत नाही, ती वाचण्याचा त्यांना पगार मिळायचा.

नोकरीच्या आठव्या वर्षी त्यांच्या हातून एक चूक झाली. लहान मुलांच्या एका औषधावर ‘दोन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही’ अशी इंग्रजी ओळ होती आणि तिच्यातला ‘नॉट’ गळाला. काकांनी प्रूफ पास केलं. खोकी छापून, घड्या घालून तयार झाली. पॅकिंगला बसणाऱ्या एका बाईनं नुसतं बघून सांगितलं, की मागच्या वेळची ओळ लांब होती, ही आखूड दिसतेय. सगळी खोकी रद्दीत गेली, एकही बाहेर पडलं नाही. मालकानं काकांना एक शब्द ऐकवला नाही. पण काका ही गोष्ट सांगायचे तेव्हा शेवटी एवढंच म्हणायचे, “त्या बाईला इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं.”

तेव्हापासून हा माणूस शेवटचं अक्षर संपल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नाही. लग्नपत्रिका, औषधाची चिठ्ठी, वेफर्सचं पाकीट, काहीही. अशा माणसाबरोबर छत्तीस वर्षं संसार करायचा म्हणजे गंमत नाही. शुभदाकाकूंनी तो केला. काकू घरी शिवणाचे क्लास घ्यायच्या, बोलक्या होत्या, आणि इंद्रलोकमधल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्यांच्या हातचे असल्यामुळे निम्म्या घरांतली खडान्‌खडा माहिती त्यांच्याकडे असायची. “आमच्याकडे वरणात मीठ कमी पडलं तरी लाल खूण होते,” असं त्या हसत सांगायच्या. बारा वर्षांपासून त्यांना मधुमेह होता. सकाळी नेमानं गोळी, संध्याकाळी नेमानं काहीतरी गोड. डॉक्टर रागवायचे, काकू मान डोलवायच्या, साखर आपली दोनशेच्या आसपास निवांत बसलेली असायची.

अशात आमच्या सोसायटीच्या आरोग्याची काळजी वाहणारा माणूस अवतरला. नाव चंदन. त्याआधी त्यानं खिडक्यांना मच्छरजाळ्या बसवल्या होत्या, त्याच्याआधी पाण्याचे फिल्टर विकले होते. आता त्याच्या टी-शर्टावर ‘वेलनेस कोच’ असं लिहिलं होतं. एवढी शैक्षणिक पात्रता पाहून मी त्याला रविवारी सकाळी सोसायटीचा हॉल दिला. त्यानं हॉलला दोन पंखे भेट दिले, त्याचा या निर्णयाशी काही संबंध नव्हता. उन्हाळा होता, एवढंच.

चंदनकडे एक मशीन होतं. काचेच्या पाटावर अनवाणी उभं राहायचं, हातात दोन दांडे धरायचे, की ते तुमच्या शरीराचं खरं वय सांगायचं. मी अठ्ठेचाळीसचा. मशीननं त्रेसष्ट सांगितलं. माझ्या बायकोला त्यानं अठ्ठावन्न ठरवलं, त्यामुळे त्या रविवारी मला जेवण मिळालं नाही. पहिल्या मजल्यावरच्या विमलाबाई एक्क्याऐंशीच्या. त्यांना नव्वद आलं. त्या पाटावरूनच म्हणाल्या, “मग मधली नऊ वर्षं मी होते कुठे?” अख्ख्या सोसायटीत आपल्या स्वतःच्या वयाचं असं एकही माणूस निघालं नाही. आम्ही सगळे घाबरून खुर्च्यांवर बसलो, आणि मग चंदननं टेबलावरचा कपडा बाजूला केला. खाली डबे होते.

गुडघ्यांचा डबा, केसांचा डबा, झोपेचा डबा. मधोमध हिरवा, सोनेरी झाकणाचा मोठा डबा होता: ‘मधुसाम्य प्लस’. सकाळ-संध्याकाळ एक चमचा कोमट पाण्यातून.

“शंभर टक्के नॅचरल,” चंदन म्हणाला. “जांभूळ, मेथी, कारलं, गुडमार. कोई केमिकल नाही, कोई साइड इफेक्ट नाही. काकू, तीन हफ्ते फक्त. नंतर तुम्हीच मला फोन करणार.”

काकूंनी डबा घेतला. मीही घेतला; मला मधुमेह नाही, पण मशीनचं म्हणणं मनाला लागलं होतं. माझा डबा झोपेचा होता. तो घेऊन मला कमिटीच्या मीटिंगमध्ये उत्तम झोप लागू लागली, पण ती आधीही लागायची.

काकूंचं मात्र खरंच झालं. तीन आठवड्यांत उपाशीपोटीची साखर एकशे अठ्ठ्याण्णववरून एकशे दोनवर आली. लॅबचा कागद त्यांनी सगळ्या मजल्यांवर फिरवला. बारा वर्षं डॉक्टरांच्या शिव्या खाल्लेल्या बाईच्या तोंडावर तो आनंद बघण्यासारखा होता, आणि ते मी चेष्टेनं म्हणत नाही. चंदन धावत आला. “काकू, आप तो मेरा चलता-फिरता ब्रोशर हो!” पंधरा दिवसांत काकू ‘सिल्व्हर मेंटॉर’ झाल्या. शिवणाच्या क्लासला येणाऱ्या बायका काजं-बटणं बाजूला ठेवून डबे नेऊ लागल्या. काकूंनी सतरा घरांत डबे पोचवले. कोणी ऐकलं नाही असं झालंच नाही, कारण काकू खोटं बोलत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या बोलतही नव्हत्या.

एका संध्याकाळी काकांनी मला घरी बोलावलं. आमचे दरवाजे समोरासमोर आहेत. डायनिंग टेबलावर तो हिरवा डबा, एक भिंग आणि कागद.

“सेक्रेटरी, बसा. हे घटक बघा. जांभूळ बी तीस टक्के, मेथी पंचवीस, कारलं वीस, गुडमार पंधरा, दालचिनी दहा, आवळा बारा. बेरीज करा.”

मी केली. एकशे बारा आली.

“म्हणजे या डब्यात डब्यापेक्षा जास्त माल आहे,” काका म्हणाले. “आता इथं तळाशी बघा. भिंग घ्या.”

सोनेरी पट्टीच्या खाली, सोनेरीच रंगात, इंग्रजीत एक ओळ होती. औषधी वापरासाठी नाही.

“हे छापावंच लागतं,” काका म्हणाले. “कायदाच आहे. हे पूरक अन्न आहे, औषध नव्हे. याच्यानं कुठला रोग बरा होतो असं म्हणायची यांना मुभा नाही. म्हणून डबा काही म्हणत नाही. चंदन म्हणतो. त्याच्या तोंडाला लेबल नसतं.”

पुढं त्यांनी अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर दाखवला. तो त्यांनी सरकारी वेबसाइटवर टाकून पाहिला होता. परवाना खरा होता, चालू होता, आणि दुसऱ्याच राज्यातल्या एका लोणचं बनवणाऱ्याचा होता. काकूंकडचे सगळे डबे त्यांनी पालथे करून बघितले होते; तीन महिन्यांत आलेल्या प्रत्येक डब्यावर बॅच नंबर एकच.

“बरं, पण साखर तर उतरली ना काका?” मी म्हटलं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“तीच भीती आहे. नुसत्या मेथी-जांभळानं एवढी आणि एवढ्या लवकर उतरत नाही. आमच्या गावात माणसं जन्मभर जांभळं खातात. जे उतरवतंय, ते या डब्यावर छापलेलं नाही.”

मी त्यांना म्हटलं, तुम्ही फार विचार करता. सेक्रेटरी म्हणून मला एवढं एकच उत्तर पाठ आहे.

पुढच्या रविवारी काका हॉलमध्ये आले, शेवटच्या रांगेत बसले आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी उभे राहिले. एकशे बारा टक्के, लोणच्याचा परवाना, एकच बॅच. शांतपणे तिन्ही विचारलं. हॉलमध्ये चुळबूळ झाली. चंदननं हात जोडले. “अंकल, तुमच्या अनुभवाचा मी रिस्पेक्ट करतो. पण एक सांगू? निगेटिव्हिटीनं शुगर वाढते. काकूंची कमी कशी झाली, घरात तुम्ही असून? हाच तर मधुसाम्यचा चमत्कार!”

सगळे खदखदून हसले. मीही हसलो. काकू पहिल्या रांगेत होत्या. त्या हसल्या नाहीत, वळूनही पाहिलं नाही.

त्या दुपारी समोरच्या दारातून आवाज आला, तो सोसायटीत कोणी यापूर्वी ऐकला नव्हता. काकू काकांवर ओरडत होत्या.

“आयुष्यभर चुका काढल्यात! माझ्या स्वयंपाकात, माझ्या बोलण्यात, लोकांच्या पत्रिकांत. बारा वर्षांत एक गोष्ट माझ्याकडून नीट झाली, तर तिच्यातसुद्धा तुम्हाला चूक सापडली!”

“अगं, तुझ्यात नाही काढली. डब्यात काढली.”

“डबा माझ्या हातात आहे ना? मग माझ्यातच काढली.”

त्यानंतर चौदा दिवस त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. जेवण वाढायच्या, पण ताट ठेवताना आवाज व्हायचा.

काकांनी रीतसर तक्रार करायचं ठरवलं. कुठल्या कार्यालयात, ते नको. खुर्च्या सगळीकडे सारख्याच असतात. पहिल्या खिडकीवरच्या साहेबांनी डबा फिरवून पाहिला. यावर साखरेचं चित्र आहे, म्हणजे हे औषध, औषधांच्या विभागात जा. औषधवाल्यांनी तळाची सोनेरी ओळ वाचली. इथं स्पष्ट लिहिलंय औषधी वापरासाठी नाही, मग आमच्याकडे कशाला आणलंत? हे अन्न. अन्नवाल्यांनी पुन्हा घटक वाचले. जांभूळ, गुडमार? ही तर जडीबुटी, त्याचं खातं वेगळं. वेगळ्या खात्यात गेले, तर तिथं जेवणाची सुट्टी होती, आणि ज्यांच्याकडे टेबल होतं ते ट्रेनिंगला गेले होते. ट्रेनिंग कशाचं, तर तक्रारींचा जलद निपटारा.

काका तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी त्यांना पोच मिळाली. पोचवर त्यांचं नाव ‘हरिचंद्र शिवगण’ असं होतं. त्यांनी तिथंच लाल पेन काढलं तेव्हा कारकून म्हणाला, “काका, खाडाखोड केली तर पोच रद्द होते.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चूक तशीच खिशात घातली.

मग आली संकष्टी, आणि ती नेमकी रविवारी आली. चंदननं त्या दिवशी हॉलमध्ये काकूंचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, आणि पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट. काकूंचा कडक उपास, पाण्याशिवाय काही नाही. सकाळची गोळी त्यांनी नेहमीसारखी घेतली. त्या बाबतीत त्या फार प्रामाणिक. स्टेजवर बोलायचंय, अशक्तपणा नको, म्हणून चंदनच्या सल्ल्यानं मधुसाम्यचे दोन चमचे घेतले.

काका शेवटच्या रांगेत येऊन बसले होते. अबोला असला तरी बायकोचा सत्कार होता, आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

काकूंनी माइक घेतला. “नमस्कार. मी शुभदा शिगवण. बारा वर्षं मी…” आणि थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, “बारा वर्षं मी…” कपाळावर घाम डवरला होता. हात थरथरत होता. मग त्या भलतंच बोलायला लागल्या. बाह्या उलट्या लागल्यात, कोणीतरी मशीन बंद करा, आई अजून एसटीतून उतरली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चंदननं माइकपाशी तोंड नेलं. “देखिए, काकू इमोशनल हो गयी! जोरदार तालियाँ!”

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी उभा राहून वाजवल्या. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण वाजवल्या हे खरं आहे.

सत्तर खुर्च्या ओलांडत एकच माणूस पुढं धावत होता. काकांनी स्टेजवर चढून त्यांना खाली बसवलं, हात धरला आणि ओरडले, “साखर! साखर आणा कोणीतरी! लवकर!”

ती एका आरोग्यसभेत कुठून मिळणार? चहाच्या टेबलावर ग्रीन टी होता आणि शुगर-फ्रीच्या पुड्या होत्या. बिस्किटं होती, तीही शुगर-फ्री. चंदननं झटकन एक चमचा मधुसाम्य कालवायला घेतलं. काकांनी तो पेला हातानं उडवला. नारळ होता, तो फोडायला काही नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत होते, आणि आमच्या सत्तर जणांच्या खिशांत मिळून एक लिमलेटची गोळी निघाली नाही.

साखर आणली विमलाबाईंनी. मशीनवर नऊ वर्षं हरवलेल्या त्या बाई पहिल्या मजल्यावरून साखरेची बरणी पोटाशी धरून उतरल्या. काकूंना अजून गिळता येत होतं. काकांनी पाण्यात साखर ढवळून घोट घोट पाजली. घाईत निम्मी इस्त्रीच्या शर्टावर सांडली. पाचेक मिनिटांत काकूंची नजर जागेवर आली. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि चौदा दिवसांनंतरचं पहिलं वाक्य बोलल्या, “एवढं ओलं कसं झालं?”

जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं तेव्हा साखर पुन्हा खाली घसरली होती. अडतीस. डॉ. मिनल म्हणून तरुण बाई होत्या, त्यांनी सलाइन लावलं, सगळं विचारून घेतलं. उपास केला, गोळी एकच घेतली, नेहमीचीच.

“एका गोळीनं एवढं होऊ नये,” त्या म्हणाल्या. “आणि साखर चढवली तरी परत परत उतरतेय. असं मधुमेहाच्या जुन्या गोळ्या जास्त झाल्यावर दिसतं. दुसरं काय घेतात?”

काकांनी पिशवीतून डबा काढला. आजवर हा डबा हातात घेऊन खांदे न उडवणारं पहिलं माणूस त्यांना भेटलं होतं.

काकूंना तीन दिवस ठेवावं लागलं. दरम्यान डॉ. मिनलनी पावडर एका खासगी लॅबकडे पाठवली. रिपोर्ट आला: ग्लिबेनक्लामाइड. मधुमेहाची जुनी, साधी, कुठल्याही केमिस्टकडे चिठ्ठीवर मिळणारी गोळी, कुटून मिसळलेली. एका चमच्यात थोडी, दुसऱ्यात दुप्पट; ढवळणाऱ्याचा हात असेल तशी. एकूण काय, त्या शंभर टक्के नैसर्गिक डब्यात काम करणारी वस्तू एकच होती आणि तेवढीच नैसर्गिक नव्हती. डॉक्टरांच्या गोळीला विष म्हणून नाकं मुरडणारे आम्ही, तीच गोळी सोनेरी झाकणातून, माप न विचारता, खात होतो.

डॉक्टरांचा कागद जोडल्यावर ‘शिवगण’ यांची तक्रार हलली. ईश्वर भोईर नावाचे अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः सोसायटीत आले. माणूस सरळ होता, थकलेला होता. अख्ख्या मिठाईच्या सीझनची नमुन्यांची पिशवी त्याच्या खांद्याला होती. त्यांनी पंचांसमोर डबे फोडले, भाग केले, सील केले. पंच मी होतो.

“साहेब, हे आधी कोणी तपासत नाही का?” मी विचारलं. प्रश्न चांगला होता, हॉल देण्यापूर्वी विचारला असता तर आणखी चांगला झाला असता.

“औषध असतं तर विकण्याआधी सिद्ध करावं लागलं असतं,” भोईर म्हणाले. “हे अन्न म्हणून येतं. परवाना घेतला की विका. आम्ही नंतर बाजारातून उचलून तपासायचं. माझ्याकडे हॉटेलं आहेत, डेअऱ्या आहेत, पाणीपुरीच्या गाड्या आहेत. आणि मी एकटा आहे.” मग काकांकडे वळून म्हणाले, “तुम्ही टिपलेला बॅच नंबर मात्र कामाचा आहे. एरवी एका बॅचवर बंदी आली की हे लोक दुसरी बाजारात आणतात. यांनी आळसानं सगळ्यावर एकच नंबर मारलाय. आता सगळाच माल थांबवता येईल.”

सगळाच थांबला. कंपनीनं उत्तर दिलं की तपासलेला माल नकली आहे, अस्सल मधुसाम्य पूर्ण नैसर्गिक आहे. प्रकरण चालू आहे. चंदननं मधुसाम्यचा मोबाइलवरचा ग्रुप बंद केला, जाताना ‘टेक केअर, स्टे हेल्दी’ असा संदेश टाकला. आता तो नया नगरच्या बाजूला गुडघ्यांचं काम करतो, असं ऐकतो.

इथं गोष्ट संपली असं आम्हाला वाटलं. काकूंना वाटलं नाही. घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी साडी बदलली, पिशवी घेतली आणि दारात उभ्या राहिल्या.

“कुठे निघालीस?” काकांनी विचारलं.

“सतरा घरं आहेत. माझ्या तोंडाकडे बघून घेतले त्यांनी डबे. तुम्ही येणार नसाल तर मी एकटी जाते.”

काका चपला घालायला लागले. “मी खाली जिन्यात थांबतो,” ते म्हणाले. “मला बघितलं की लोक चिडतात.”

प्रत्येक दारात काकू एकच सांगायच्या: यात गोळी आहे, मी मरता मरता वाचले, माझी चूक झाली, डबा परत द्या. एवढं सरळ बोलणं ऐकायची आमच्याकडे कोणाला सवय नाही. काहींनी दिले. एकीनं विचारलं, दुसऱ्या कुठल्या कंपनीचा चांगला आहे का? एका गृहस्थांनी दारच लावून घेतलं: “माझी शुगर नव्वद आहे. शिगवणबाईंना बाधला म्हणून सगळ्यांनाच बाधेल का?” तिथं काकू जिना उतरून खाली आल्या, पायरीवर बसल्या आणि रडल्या. काकांनी त्यांना चूक कोणाची ते सांगितलं नाही. पाण्याची बाटली दिली.

सतरावा डबा पेणकरपाड्यात होता. शेवंती म्हणून एक बाई आमच्याकडे सुकी मासळी विकायला यायची. जुन्या गावठाणातली, पन्नाशीची. तिनं डबा उचलून चक्क पदराआड धरला.

“न्हाय देनार. मना बरा वाटतं त्यान.”

“शेवंती, त्यात गोळी कुटलीय गं.”

“मंग गोलीच हाय ना? दवाखान्यान पन गोलीच देतान. तिथं सकालपासून लायनीन बसाचा, दुपारी सांगतान डाक्टर गेला. माजा धंदा बुडतं. हा डबा तुमी दारान आनून दिलाव. बाय, माजे दारान कोन येतं?”

आजवर ज्यांनी ज्यांनी या डब्याबद्दल काही सांगितलं, चंदननं, साहेबांनी, मी, त्या सगळ्यांत शेवंतीचं म्हणणं तेवढं बेरजेत बरोबर होतं.

काकू म्हणाल्या, “मंगळवारी तुझ्यासाठी लाइनीत मी बसते. तू मासळी विकून अकराला ये. तुझा नंबर आला असेल. डबा तेव्हा दे.”

शेवंतीनं त्यांच्याकडे संशयानं बघितलं. मग म्हणाली, “येतंय.”

मंगळवारी काकू साडेसातला पालिकेच्या दवाखान्यात जाऊन बसल्या. शेवंती अकराला टोपलीसकट आली. तपासणी झाली, गोळ्या फुकट मिळाल्या. डबा तिनं दिला. पुढच्या महिन्यात शेवंतीबरोबर तिची जाऊ होती. आता दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी काकू शिवणाचा क्लास बंद ठेवतात आणि पेणकरपाड्याच्या पाच-सहा बायकांचे नंबर धरून बाकावर बसतात. त्यांची स्वतःची साखर सध्या एकशे साठ आहे. सोसायटीत कोणी त्याबद्दल सत्कार करत नाही.

गेल्या महिन्यात मीही गेलो होतो. मशीननं नाही, पण खऱ्या डॉक्टरांनी माझा रक्तदाब वाढल्याचं सांगितलंय. बाकावर शिगवणकाका होते. मांडीवर गोळ्यांच्या पट्ट्यांचा ढीग. एकेक पट्टी उजेडात धरून ते मराठीत मोठ्यानं वाचत होते: नाव काय, किती ताकदीची, कधी संपणार, जेवणाआधी की नंतर. बायका टोपल्या मांडीवर घेऊन ऐकत होत्या. एकीनं मध्येच काहीतरी विचारलं तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. शेजारी काकू कोणाचीतरी उसवलेली बाही हातशिलाईनं घालत होत्या.

“अहो, जरा हळू वाचा,” त्या म्हणाल्या. “त्यांना लक्षात ठेवायचंय.”

काकांनी मान हलवली आणि हळू वाचायला लागले. शेवंतीनं आपली गोळी तिथंच पाण्याबरोबर गिळली आणि तोंड वाकडं केलं.

“लय कडू हाय,” ती म्हणाली. “तो डबा चवीला बरा व्हता.”